तिसऱ्या मिनिटाला बंद पडणारी नायट्रो बोट: नीडलला हात लावायच्या आधी हॅच बघा

मंडळी, ज्यांच्याकडे नायट्रो बोट (मिथेनॉल-नायट्रोमिथेनच्या फ्युएलवर पळणारी रिमोटची छोटी मॉडेल बोट) आहे त्यातल्या बऱ्याच जणांनी हे भोगलेलं असणार. सकाळी पाण्यावर जायचं, इंजिन पहिल्या-दुसऱ्या झटक्यात सुरू होतं, आवाज खणखणीत, पहिल्या दोन-तीन फेऱ्या बोट अशी पळते की बघतच राहावं, आणि मग तिसऱ्या मिनिटाला आवाज बसायला लागतो, सरळ जाताना दम लागल्यासारखं होतं, वळणावर गुदमरते आणि बरोब्बर मधोमध जाऊन बंद. काठावर आणून पंधरा मिनिटं ठेवली की परत सुरू होते, परत तीन मिनिटं पळते, परत बंद. माझ्या बोटीचं मागचा अख्खा उन्हाळा हेच चाललं होतं, त्यात तीन ग्लो प्लग (इंजिनातलं मिश्रण पेटवणारी तापती तार असलेले प्लग) गेले आणि एकदा तर इंजिनच विकून टाकायचं मनात आलं होतं. शेवटी कारण सापडलं, आणि ते इंजिनात नव्हतंच. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, कोणाचा तरी एक सीझन वाचेल.

आधी बोट सांगते म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. हल, म्हणजे बोटीचं अंग, फायबरग्लासचा, डीप व्ही (तळ खोल व्हीसारखा), ८० सेंटीमीटरच्या आसपास. इंजिन ३.५ सीसी, म्हणजे आपण ज्याला २१ साइझ म्हणतो ते, मरीन, पाण्याने थंड होणारं हेड (सिलिंडरचा वरचा भाग). ट्यून्ड पाइप, म्हणजे एक्झॉस्टचा पाइप, हलच्या आतूनच जातो आणि मागच्या भिंतीतून बाहेर निघतो. हल सेकंडहँड घेतला तेव्हा हॅच, म्हणजे वरचं झाकण, नव्हती, ती मी घरी मोल्ड करून बनवली, पुढे हवा आत घेणारे दोन छोटे स्कूप ठेवले आणि बाकी सगळं टेप लावून घट्ट बंद, कारण पहिल्याच दिवशी पाणी आत जाऊन रिसीव्हर भिजला होता. हे घट्ट बंद करणं लक्षात ठेवा, खरी मेख तिथेच होती.

चालवायची जागा पुण्याजवळ वाघोलीकडची एक जुनी दगडखाण, मालकाला विचारून. पाषाण तलावावर पक्षी असतात, तिथे हा आवाज नेणं मला पटत नाही, आणि खडकवासल्याचं पाणी आपण सगळे पितो, त्यात एक्झॉस्टचं तेल सोडायचा प्रश्नच येत नाही. खाणीत मात्र एक जपायला लागतं, कडा सरळ तुटलेल्या असतात आणि पाणी एकदम खोल, त्यामुळे बोट बंद पडली म्हणून कोणीही पाण्यात उतरायचं नाही. आम्ही गळाच्या दोरीला टेनिसचा बॉल बांधून बोटीच्या पलीकडे फेकतो आणि दोरी हळूहळू ओढत बोट काठाला आणतो. उन्हाळाभर हा बॉल फेकून फेकून माझा भाचा त्यात तरबेज झाला.

तर आता बिघाडाकडे.

पहिली चूक सगळे करतात तीच मी केली. तिसऱ्या मिनिटाला आवाज जड झाला, मागून धूर जास्त दिसला, म्हणजे मिक्श्चर रिच (हवेच्या मानाने फ्युएल जास्त) झालंय असं वाटलं, म्हणून हाय स्पीड नीडल (कार्बोरेटरवरचा फ्युएल कमी-जास्त करणारा स्क्रू) थोडी आत घेतली. त्या दिवशी दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर तीच सेटिंग लीन (हवेच्या मानाने फ्युएल कमी) पडली, पहिल्याच फेरीत आवाज चिरका यायला लागला, प्लग काढून बघितला तर तार पांढरट आणि वाकडी. मग नीडल परत बाहेर. मग परत तिसऱ्या मिनिटाला जड. मग परत आत. हे चक्र एकदा सुरू झालं की माणूस त्यातून बाहेरच येत नाही, कारण प्रत्येक वेळी नीडल फिरवल्यावर थोडा फरक पडतोच आणि वाटतं की आता जमलं. माझं स्पष्ट मत आहे, जी बोट पहिली दोन मिनिटं नीट पळते आणि मग बिघडते तिचा दोष नीडलमध्ये शोधायचाच नाही. नीडल चुकीची असती तर पहिल्या फेरीपासून चुकीची असती. दोन-तीन मिनिटांत जे बदलतं ते शोधायचं, आणि बंद हलमध्ये तेवढ्या वेळात बदलणारी मुख्य गोष्ट म्हणजे उष्णता.

आणि लीन करणं इथे दुप्पट महाग पडतं. आपलं फ्युएल म्हणजे मुख्यतः मिथेनॉल, त्यात नायट्रोमिथेन आणि तेल. मिथेनॉलची वाफ होताना ते किलोमागे पेट्रोलच्या जवळपास तिप्पट उष्णता शोषून घेतं, म्हणजे इंजिनाला आतून गार ठेवायचं बरंचसं काम फ्युएलच करत असतं, शिवाय वंगणाचं तेलही त्याच फ्युएलमधून येतं. नीडल आत घेतली की गारवा आणि तेल दोन्ही एकदम कमी. आधीच तापलेल्या इंजिनाला आपण वरून अजून तापवतो.

मग मी पाण्याकडे वळले. हे तुम्हीही आधी करा, कारण सोपं आहे आणि निम्म्या बोटींचा प्रश्न इथेच सुटतो. रडरवरच्या (सुकाणूवरच्या) पिकअपमधून पाणी आत येतं, हेडमधून फिरतं आणि हलच्या बाजूच्या नळीतून बाहेर पडतं. ती बाहेरची धार बोट पळताना काठावरून दिसली पाहिजे. भाचा काठावर उभा राहून ओरडून सांगायचा, "मावशी, धार येतेय, मस्त येतेय!" आणि तरी बोट बंद पडायची. पिकअपमध्ये शेवाळ अडकलेलं नव्हतं, सिलिकॉन ट्यूब कुठे दुमडलेली नव्हती, पाणी हेडला खालून आत आणि वरून बाहेर असं जोडलेलं होतं, म्हणजे वर हवेचा बुडबुडा अडकायचा प्रश्न नाही. काठावर आणल्या आणल्या बाहेर आलेलं पाणी हाताला कोमट लागायचं. चटका बसण्याइतकं कधीच नाही. म्हणजे हेड गार होत होतं.

इथे एक गोष्ट समजून घ्या जी मला उशिरा समजली. पाणी फक्त हेड गार करतं. खालचं क्रँककेस, कार्बोरेटर, टाकी, फ्युएल लाइन, हेडर (इंजिनातून पाइपकडे जाणारी नळी), हे सगळं हलच्या आतल्या हवेच्या भरवशावर असतं. गाडीतलं इंजिन उघड्यावर असतं, त्याला वारा लागतो. बोटीतलं एका बंद डब्यात, शेजारी तापलेला पाइप घेऊन बसलेलं असतं.

पाण्यानंतर शाफ्ट बघितला, कारण फ्लेक्स शाफ्ट (इंजिनापासून प्रॉपेलरपर्यंतची लवचिक केबल) अडकत असेल तरी इंजिनावर जास्तीचा भार येऊन ते तापतं. प्लग काढून फ्लायव्हील हाताने फिरवलं, प्रॉपेलर अलगद फिरत होता, ग्रीस ताजं होतं, स्ट्रट (शाफ्टला मागे धरणारा आधार) आणि ड्राइव्ह डॉगच्या (प्रॉपेलरला फिरवणाऱ्या तुकड्याच्या) मध्ये ३ मिलीमीटरची फट होती. ही फट लागतेच, भार आला की केबल पिळून आखडते आणि फट नसेल तर डॉग स्ट्रटवर घासायला लागतो. माझं सगळं ठीक होतं, म्हणून पुढे गेले.

खरी दिशा मिळाली ती भोसरीत. हेडचं पाण्याचं जॅकेट जरा मोठं करून घ्यावं म्हणून मी तिथल्या एका लेथवाल्या मामांकडे गेले होते. त्यांनी बोट आयुष्यात पहिल्यांदा बघितली. उलटीसुलटी केली, हॅच काढली, पाइपवरून हाताचं बोट फिरवलं, परत हॅच लावली आणि मला विचारलं, "ताई, हवा येते कुठून?" मी स्कूप दाखवले. "बरं, आणि जाते कुठून?" मी गप्प. मामा म्हणाले, "बंबाचं धुराडं बंद करून बघा पेटतोय का. खालून कितीही भोकं पाडा, वरून वाट नसेल तर आत नुसतं कोंडतं." जॅकेट त्यांनी केलंच नाही, म्हणाले आधी हे करा आणि मग या.

बंबावर पाणी तापवलेल्या घरात वाढलेल्या माणसाला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. घरी येऊन आधी हिशोब केला. ३.५ सीसीचं टू स्ट्रोक इंजिन, २२ हजार आरपीएमला, दर फेऱ्याला एकदा श्वास घेतं, म्हणजे मिनिटाला ७७ लिटर. सिलिंडर दर वेळी पूर्ण भरत नाही हे धरलं तरी सेकंदाला लिटरभर हवा झाली. माझ्या हलमध्ये सगळं सामान बसवल्यावर मोकळी जागा जेमतेम चार-पाच लिटर. म्हणजे चार-पाच सेकंदात इंजिन हलमधली सगळी हवा पिऊन टाकतं! ही फक्त श्वासाची हवा झाली, पाइपची उष्णता बाहेर वाहून नेणारी हवा याच्यावर वेगळी लागते.

मग आठवलं की हॅचची टेप दर वेळी मधोमध आत ओढल्यासारखी दिसायची, मला वाटायचं टेपच हलकी आहे. आणि एवढं घट्ट बंद करूनही दर फेरीनंतर हलमध्ये दोन-तीन चमचे पाणी असायचंच. दोन्हीचं कारण एकच होतं. इंजिन आतली हवा ओढतंय, पुरेशी येत नाहीये, म्हणून हल रडरच्या रॉडच्या बुटातून (रबरी टोपणातून), स्टफिंग ट्यूबच्या (शाफ्ट बाहेर नेणाऱ्या नळीच्या) कडेने, जिथे फट मिळेल तिथून ओढून घेतोय आणि हवेबरोबर पाणीही. पाणी येऊ नये म्हणून मी जितकी जास्त टेप लावत होते तितकं ते जास्त येत होतं.

पण स्कूप तर होते ना, मग? ते बघायला उदबत्तीची परीक्षा केली आणि ही परीक्षा मी प्रत्येकाला करायला सांगेन. आधी टाकी पूर्ण रिकामी, लाइन रिकामी, हल पुसून एक दिवस उघडा वाळवलेला, फ्युएलचा कॅन दुसऱ्या खोलीत. हे अजिबात टाळू नका, मिथेनॉलची ज्वाळा दिवसाउजेडी जवळपास दिसत नाही, पेटलंय हे हात भाजल्यावर कळतं. मग जेवायच्या टेबलावर बोट ठेवली, समोर टेबल फॅन मध्यम स्पीडवर, खोलीत अंधार, भाचा मोबाइलचा टॉर्च बाजूने धरून. उदबत्ती डाव्या स्कूपच्या तोंडाशी नेली. धुराची बारीक रेघ स्कूपपर्यंत सरळ गेली, ओठाशी जाऊन थबकली, गोल फिरली आणि स्कूपच्या वरच्या कडेवरून मागे निघून गेली. आत काहीच गेलं नाही. उजवीकडे तेच. भाचा म्हणाला, "मावशी, आत कोणीतरी दार लावलंय."

खरंच लावलेलं होतं. हॅच उलटी करून बघितली, हलमध्ये बघितलं, आणि स्कूपच्या बरोबर खाली माझाच ईपीई फोम (पॅकिंगमधला हलका फोम). बोट उलटली तर बुडू नये म्हणून मी हलच्या नाकात फोम कोंबला होता, तो इतका वर आलेला की हॅच बसली की स्कूपचं तोंड फोमवर टेकायचं, मध्ये कागद सरकेल एवढीच जागा. पावसाळ्यानंतर फोम वाढवला होता आणि बिघाडही तेव्हापासूनच सुरू झाला होता, हे दोन धागे मी कधी जोडलेच नव्हते.

फोम काढून टाकायचा नाही, हे आवर्जून सांगते, विशेषतः हॅचला भोकं पाडणार असाल तर, कारण आता उलटल्यावर पाणी आत जाणारच आणि फोमशिवाय बोट खाणीच्या तळाला जाईल. फक्त जागा बदलायची. मी नाकातला फोम हॅचच्या कडेखाली तीन बोटं खाली येईल असा कापला आणि उरलेला दोन्ही बाजूंना पट्ट्या करून चिकटवला, पाइपपासून लांब. पाइपजवळ थर्माकोल तर लावूच नका, तो उष्णतेने मऊ पडून चिकटतो.

आता बाहेर जायची वाट. थेट फायबरग्लास कापायच्या आधी ३ मिलीमीटरच्या सनबोर्डची एक नकली हॅच केली, साइनबोर्डवाल्यांकडे तुकडे सहज मिळतात, आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची झाकणं करून वेगवेगळ्या मापाची भोकं उघडी-बंद करून त्याच उदबत्तीवर तासभर बघत बसले. दोन गोष्टी नक्की झाल्या. एक, बाहेरची वाट हॅचच्या अगदी मागच्या टोकाला, सगळ्यात उंच जागी आणि तोंड मागे करून पाहिजे, कारण उंचवट्यामागे हवेचा दाब कमी होतो आणि आतली हवा आपोआप ओढली जाते, शिवाय गरम हवा मुळात वरच साठते. बाजूला पाडलेल्या भोकातून धूर कधी बाहेर यायचा, कधी उलटा आत जायचा. दोन, बाहेरची वाट आतल्या वाटेपेक्षा मोठी ठेवली की धूर अडत नाही. माझ्या कार्बोरेटरचं तोंड ९ मिलीमीटर व्यासाचं, म्हणजे साधारण ६४ चौरस मिलीमीटर. शेवटी ठरलेलं माप असं: पुढे १२ बाय ५० मिलीमीटरच्या दोन खाचा आणि मागे १५ बाय ६० च्या दोन. म्हणजे आत यायला १२०० चौरस मिलीमीटर आणि बाहेर जायला १८००, दीडपट. यापेक्षा मोठी भोकं पाडून बघितली, धुराच्या वागण्यात फरक नाही, उगीच पाण्याला आमंत्रण.

त्या मापावर उदबत्ती पुढे धरली तेव्हा रेघ खाचेतून सरळ आत गेली, टॉर्चच्या उजेडात इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी फुटून पाइपवरून सरकताना दिसली आणि मागच्या भोकातून एकसारखी बाहेर आली. मला इतका आनंद झाला की रात्री अकरा वाजता मामांना फोन करणार होते, बहिणीने थांबवलं.

पाण्याचं काय, हा पुढचा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो आणि तो रास्त आहे. पुढच्या खाचा उभ्या तोंडाच्या ठेवल्या तर तुषार थेट आत जातात. मी खाच हॅचच्या पृष्ठभागात उतरती केली, वर काही उभं नाही, आणि आतून खाचेच्या मागे १५ मिलीमीटर उंचीची एक आडवी पट्टी चिकटवली. हवा पट्टीवरून वळून जाते, पाण्याचे थेंब जड असल्यामुळे वळत नाहीत, पट्टीवर आपटून खाली पडतात आणि पट्टीच्या टोकाच्या बारीक भोकातून हलच्या तळाला जातात, तिथून ड्रेन प्लगने बाहेर. जाळी लावून बघितली होती, दोन फेऱ्यांत तेल आणि धूळ बसून निम्मी बंद झाली, काढून टाकली. रिसीव्हर आणि बॅटरी वेगळ्या झाकणाच्या डब्यात आहेत आणि तो डबा मात्र पूर्ण सीलबंदच ठेवायचा, त्याला हवा नको.

फायबरग्लास कापताना मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्या, आणि शक्यतो पाणी मारत ओलं घासा. काचेची ती धूळ छातीत जायला नको आणि अंगाला लागली तर दोन दिवस खाज जात नाही. कापलेल्या कडा रेझिनने बंद करा, नाहीतर तेल थरांमध्ये शिरून हॅच फुगते.

हे सगळं झाल्यावर पहिल्या रविवारी बोट सात मिनिटं पळाली. सात! पण शेवटच्या मिनिटाला परत किंचित जड वाटली, म्हणून शोध थांबवला नाही. हॅच काढून पांढऱ्या टिश्यू पेपरने हल आतून पुसत गेले, पुढून मागे. सगळीकडे साधं पाणी, आणि हेडर व पाइप जोडणाऱ्या सिलिकॉन कपलरच्या खाली कागद एकदम काळा, तेलकट. कपलर आतल्या बाजूने जळून चिरलेला होता, वरून अगदी धडधाकट दिसत होता. म्हणजे एक्झॉस्टचा थोडा भाग हलमध्येच सुटत होता आणि कार्बोरेटर ताज्या हवेबरोबर तोही ओढत होता. जळालेल्या वायूत ऑक्सिजन कुठून असणार, मग इंजिन जड होणारच आणि आपल्याला वाटणार रिच झालंय. कपलर बदलला, दोन्ही टोकांची क्लिप सारखी आवळली. टिश्यूची ही परीक्षा दोन मिनिटांची आहे, दर महिन्याला करावी.

टाकीचंही थोडं. मिथेनॉल ६४.७ अंशाला उकळतं, आणि माझी टाकी पाइपपासून दोन बोटांवर होती. फ्रिजमध्ये लावतात तसला वायरवाला थर्मामीटर आत ठेवून मोजलं होतं, बाहेर ३६ अंश आणि जुन्या हॅचखाली तीन मिनिटांनी काठावर आणेपर्यंत ६१. म्हणजे लाइनमध्ये बुडबुडे यायला फार काही कमी नव्हतं, आणि बुडबुडा आला की क्षणभर लीन. नवीन हॅचखाली तोच आकडा ४४ आहे. तरी टाकी आणि पाइपच्या मध्ये अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा उभा केलाय आणि टाकीखाली मऊ फोम, कारण थरथरीने फ्युएलला फेस येतो आणि फेस म्हणजेही बुडबुडेच. इन्फ्रारेड गनने मोजणार असाल तर चकचकीत अॅल्युमिनियमवर ती चुकीचा, कमी आकडा दाखवते, तिथे काळ्या मार्करने ठिपका काढा आणि त्या ठिपक्यावर मोजा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे वाचल्याशिवाय पाण्यावर जाऊ नका. हॅच सुधारल्यावर जुनी नीडल सेटिंग धोकादायक असते. आधी इंजिन गरम, विरळ, थोडी जळकी हवा पीत होतं आणि आपण त्या हवेला जुळेल अशी नीडल आत घेतलेली असते. आता त्याला गार, दाट हवा मिळते, म्हणजे तेवढ्याच फ्युएलवर ते पहिल्या फेरीपासून लीन चालणार आणि आपण सुधारणा करूनच इंजिन जाळणार. मी पाण्यावर जायच्या आधी हाय स्पीड नीडल फेऱ्याच्या एक चतुर्थांशाने बाहेर घेतली, बोट मुद्दाम जड चालवली, आणि मग दर फेरीनंतर थोडी थोडी आत. मागून धुराची रेघ कायम दिसली पाहिजे, प्लगची तार चमकदार आणि ओलसर पाहिजे. पांढरट, खरखरीत झाली की लगेच बाहेर.

पुण्यात तर ही नीडल वर्षभर एका जागी राहतच नाही. आपण साधारण ५६० मीटर उंचीवर आहोत, समुद्रकाठापेक्षा हवा ६ टक्क्यांच्या आसपास विरळ, म्हणून मुंबई-ठाण्याच्या मित्राची सेटिंग इथे थोडी रिच पडते. आणि डिसेंबरच्या १२ अंशांच्या सकाळी हवा एप्रिलच्या ३८ अंशांच्या दुपारपेक्षा ८-९ टक्के दाट असते. म्हणजे उन्हाळ्यात जमवलेली नीडल थंडीत तशीच ठेवली तर लीन. मी हॅचच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, तापमान आणि नीडल किती फेरे बाहेर ते लिहून ठेवते, आता तिथे छान यादी झालीय. थंडीत पाणीही खूप गार असतं, तेव्हा आउटलेटच्या नळीत बारीक रिड्यूसर टाकून पाणी थोडं कमी करावं लागतं, नाहीतर इंजिन नीट तापतच नाही आणि रिच-रिच चालतं.

फ्युएलचा कॅन पावसाळ्यात उघडा ठेवू नका, मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आणि ते विष आहे, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी आणि कधीही पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरायचं नाही, कितीही घाई असली तरी.

परत मामांकडे गेले होते, बोट दाखवायला. त्यांनी हॅच हातात घेऊन मागच्या भोकातून डोळा लावून बघितलं आणि म्हणाले, या मागच्या दोन खाचांच्या मधली पट्टी बारीक आहे ताई, उलटली की तडकेल. त्यांचं बरोबर होतं, पुढच्याच रविवारी वळणावर लाट लागून बोट उलटली आणि पट्टीला केसाएवढी चीर गेली. आता तिथे आतून कार्बनच्या कापडाचा एक थर दिलाय. बोट मात्र फोमवर तरंगत राहिली, भाच्याने पहिल्याच फेकीत बॉल पलीकडे टाकला, काठावर आणून प्लग काढला, उलटी धरून फ्लायव्हील फिरवून सिलिंडरमधलं पाणी काढलं, नवीन प्लग लावला आणि वीस मिनिटांत ती परत पाण्यावर होती. त्या दिवशी पूर्ण टाकी संपेपर्यंत चालली.